दबका ठोका

रोज सकाळी माझ्याकडच्या किल्लीने चर्चचं दार उघडलं की वेदीपुढे गुडघे टेकून मी गावातल्या लढाईवर गेलेल्या मुलांची नावं घेत असे. आधी जमिनीवर लढणारी, मग समुद्रावरची, शेवटी आकाशातली. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात मी हा नेम धरला होता. ताप असो, बर्फ असो, तो मोडला नव्हता. प्रत्येक नावामागे एवढंच मागायचं, ‘प्रभू, याला सुखरूप ठेव.’ मग पुढचं नाव.

१९४२च्या नोव्हेंबरातला गुरुवार होता. नावं चालू असताना मागे दार करकरलं. नावं घेताना मी मागे वळत नाही, म्हणून वळले नाही. कुणीतरी हळू पावलांनी येऊन बाकांमधल्या वाटेत थांबलं. मी ‘नोएल स्टॅनियन’ म्हटलं, आणि मागून आवाज आला, “मिसेस टेबट, त्याच्यासाठी आता तसं मागू नका.”

नोएलचे वडील, मिस्टर स्टॅनियन होते. हातात टोपी, सायकलसाठी विजारीला लावलेला चाप तसाच, बगलेत कचेरीची पिशवी.

“काल संध्याकाळच्या टपालाने कळलं,” ते म्हणाले. “इजिप्तमध्ये. लढाई सुरू झाली त्याच रात्री गेला म्हणे. तुम्ही रोज मागता, मला ठाऊक आहे. म्हटलं, सांगून जावं.”

ती लढाई ऑक्टोबरात पेटली होती. म्हणजे तो महिना संपायच्या आधीच मुलगा गेलेला, आणि मी रोज सकाळी इथे त्याला सुखरूप ठेव म्हणत होते. तसंच काहीतरी माझ्या तोंडून निघून गेलं.

“वाया नसेल गेलं ते,” मिस्टर स्टॅनियन म्हणाले. “दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या वाट्याला गेलं असेल.” मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, “निघतो. कचेरी उघडायची आहे.”

आणि ते गेले. नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या खिडकीत ते पंचवीसएक वर्षं कारकून होते. त्या दिवशीही खिडकी वेळेवर उघडली. नळाला गढूळ पाणी येतं म्हणून कुणी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं असेल, तर त्यांनी नेहमीसारखं “बघतो हं” म्हटलं असेल.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको नोएल चार वर्षांचा असताना छातीच्या दुखण्याने गेली. तेव्हापासून त्या पोराचा एक पाय माझ्या स्वयंपाकघरात असायचा. माझं मांडीवर खेळवायचं राहून गेलं होतं, ते त्याने भरून काढलं. पावाची कड तो कधी खायचा नाही, बाजूला सारून ठेवायचा, आणि मी बघत नाही असं वाटलं की माझ्याच ताटलीत टाकायचा.

संध्याकाळी बटाट्या-गाजराचं सूप घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते चुलीपाशी बसले होते. दिवा लावला होता, पडदे घट्ट ओढले होते, किटली उकळून उकळून आटत आली होती. मी किटली उतरवली. कपाटातून दोन कप काढते न काढते तोच मागचं दार धाडकन उघडून जेसी गॉच आत आला.

गॉच आमच्या गावचा खाटीक, आणि चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. बोलायला लागला की भिंतीवरची चित्रं हलायची.

“सिरिल! ऐकलंस का? अरे, रविवारी घंटा वाजवायच्या! रेडिओवर सांगितलं, अख्ख्या इंग्लंडात! इजिप्तमध्ये आपण जिंकलो म्हणून! टेबटबाई, तुम्हीही इथेच, बरं झालं. मनोऱ्याची किल्ली काढा. गंज चढला असेल तर लोणी लावा. लोणी कुठलं म्हणा, मार्गरीन लावा!”

“तुमच्या सॉसेजमधलं लावते,” मी म्हटलं. “त्यात दुसरं असतं काय?”

“ऐकलंस सिरिल? देवाच्या दारातली बाई आणि जिभेला काय धार! बरं, मी माणसं मोजून आलोय. मी, तू, ती बुटांच्या कारखान्यातली आयव्ही, म्हातारा रूबेन, आणि पलीकडच्या गावातले ते दोघे भाऊ सायकलवर येतो म्हणालेत. झाले की नाही सहा? सहा घंटांना सहा. एक जरी कमी पडला तरी दात पडलेल्या तोंडासारखं वाजेल. अडीच वर्षं झाली सिरिल, अडीच वर्षं! माझे हात नुसते शिवशिवतायत.”

शत्रू हवाई छत्र्यांनी आकाशातून उतरला तरच घंटा वाजवायच्या, असं सरकारने ठरवून दिलं होतं. तेव्हापासून मनोरा मुका होता. लग्नं मुकी झाली, नाताळ मुका गेला, माणसं मेली तीही मुक्यानेच.

“जेसी, बस,” मिस्टर स्टॅनियन म्हणाले.

“बसायला वेळ कुठे आहे? दोर बघायला हवेत, कप्प्यांना तेल…”

“बस जरा.”

त्या आवाजात काहीच नव्हतं. पण गॉच बसला. आणि मिस्टर स्टॅनियननी त्याला सांगितलं. मला सकाळी जितक्या शब्दांत सांगितलं होतं तितक्याच शब्दांत.

रोज अर्धी गाय खांद्यावर टाकून दुकानात नेणारा माणूस तो. दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून तसाच बसून राहिला. नोएलला दोर धरायला त्यानेच शिकवलं होतं. पोराची उंची पुरायची नाही म्हणून पायाखाली लाकडी खोकं द्यायचा आणि ओरडायचा, “दोराला लोंबकळू नकोस माकडा, दोराचं ऐक!” पंधराव्या वर्षी दोन नंबरची घंटा नोएलची झाली. तीन नंबरची त्याच्या वडिलांची. दोर शेजारी शेजारी.

“माझं एक मागणं आहे,” मिस्टर स्टॅनियन म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. “रविवारी मोकळ्या वाजवायच्या आधी, थोडा वेळ दबक्या वाजवू या. त्याच्यासाठी. फार नको, थोडाच वेळ.”

घंटा वाजवणारा गेला की त्याच्या सोबत्यांनी त्याच्यासाठी दबक्या घंटा वाजवायच्या, ही आमच्याकडची रीत. घंटेच्या पोटातल्या लोलकाला एका अंगाने चामड्याची गादी बांधतात. मग एक ठोका मोकळा पडतो आणि दुसरा दबका, डोंगरापलीकडून कुणीतरी ओ दिल्यासारखा. मोकळा, दबका, मोकळा, दबका. दफन झालं तरी तेवढं झाल्याशिवाय तो माणूस नीट पोहोचवला असं घंटावाल्यांना वाटत नाही. नोएलचं तर दफनही वाळूत कुठेतरी झालेलं.

“विचारतोस काय,” गॉच म्हणाला. “आधी त्याचं, मग जिंकण्याबिंकण्याचं. पाद्रीसाहेबांना मी बघतो.”

पाद्रीसाहेब दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. मी वेदीवरची मेणबत्त्यांची पितळी शमादानं घासत होते, मिस्टर स्टॅनियन दुपारच्या सुट्टीत मनोऱ्याखाली जुने दोर उलगडून बघत होते. पाद्रीसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना बोलणं कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मिस्टर स्टॅनियनना कळलं होतं.

“गॉचने मला सांगितलं, सिरिल. मला फार वाईट वाटलं.”

“हो. आभारी आहे.”

“मी रात्रभर विचार केला. घंटा वाजवायच्या त्या आनंदासाठी, असा हुकूम आहे. पण हुकुमाचं सोडा. तुम्हीच बघा, आपल्या गावच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडेच आहेत. अडीच वर्षांनी पहिला ठोका पडणार, आणि तो दबका पडला तर? प्रत्येक आई काम टाकून दारात येईल. माझा तर नाही ना, म्हणून. त्या सगळ्यांना मी काय सांगू?”

मिस्टर स्टॅनियन दोराची एक गाठ सोडवत होते. ती सोडवून झाली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“पुढे कधीतरी आपण नक्की…”

“सोमवारपासून बंदी पुन्हा लागू ना?”

“हो. तसंच दिसतंय.”

“हं. बरोबर आहे तुमचं.”

“रविवारी उपासनेत मी त्याचं नाव घेऊ का?”

“पुढच्या रविवारी घ्या,” ते म्हणाले. “या रविवारी लोकांना हसू द्या. माझं तोंड बघून त्यांनी कशाला हसू आवरायचं.”

“आणि तुम्ही स्वतः? नाही वाजवलंत तरी कुणी शब्द काढणार नाही.”

“मी नसलो तर सहा होत नाहीत,” मिस्टर स्टॅनियन म्हणाले, आणि त्यांनी पुढचा दोर ओढून घेतला.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मला राग आला होता, पण कुणाचा आला ते सापडेना. पाद्रीसाहेब खोटं बोलत नव्हते. हुकूम काढणाऱ्यांना नोएल ठाऊक नव्हता. गावातल्या आयांचं तर काहीच चुकत नव्हतं. संध्याकाळी गुडघे टेकले तर काय मागावं हे सुचेना. नोएलला सुखरूप ठेव म्हणायचं आता उरलं नव्हतं, आणि घंटांचं मागावं तर ते देवाच्या हातून पाद्रीसाहेबांच्या हाती गेलं होतं.

शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर ते किल्ली घ्यायला आले. “एकट्याने शिडी चढू नका,” म्हणत मीही मागोमाग गेले. घंटांच्या मजल्यावर डोमकावळ्यांनी काड्यांचा खच घातला होता. आम्ही टोपल्या भरभरून काड्या खाली टाकल्या. मिस्टर स्टॅनियननी प्रत्येक घंटेखाली वाकून लोलक हलवून पाहिला, कप्प्यांना तेल घातलं. दोन नंबरच्या घंटेलाही तितकाच वेळ दिला, जास्त नाही. तिच्या काठावर हात ठेवून उभेही राहिले नाहीत. मी मात्र तिच्याकडे बघायचं टाळत होते.

कोपऱ्यात गाद्यांची पेटी होती. तिच्यापाशी ते थांबले. मग वाकून त्यांनी झाकण उघडलं.

उंदरांनी पट्टे कुरतडले होते. गाद्या जागच्या जागी होत्या, पण त्या बांधायचे चामड्याचे पट्टे म्हणावेत असे उरलेच नव्हते. पेटीच्या तळाशी नुसता चुरा. मिस्टर स्टॅनियननी एक गादी उचलून उलटसुलट करून पाहिली.

“बघा,” ते म्हणाले, “पाद्रीसाहेब हो म्हणाले असते तरी झालं नसतं.”

ते किंचित हसलेसुद्धा. मला वाटलं, आता बांध फुटेल. फुटला नाही. त्यांनी गादी पुन्हा पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि हाताला लागलेला चुरा खिडकीच्या फटीतून बाहेर झटकला.

“पिंजरा लावायला हवा इथे,” म्हणाले.

रविवारी सकाळी कडाक्याचं दंव पडलं होतं आणि ऊन स्वच्छ होतं. चर्चच्या अंगणात एवढी माणसं मी युद्धाआधीच्या लग्नांतही पाहिली नव्हती. बायकांनी ठेवणीतल्या टोप्या घातल्या होत्या. म्हाताऱ्यांना घरातून खुर्च्या आणून दिल्या होत्या. होमगार्डची माणसं उगाचच ताठ उभी होती, आणि आपल्याला आता काही काम उरलं नाही म्हणून एकमेकांना चिडवत होती.

मी वर, दोरांच्या खोलीत, लहान खिडकीपाशी उभी राहिले. उपासनेची वेळ झाली की पाद्रीसाहेब खालून हात करणार, आणि मी थांबायला सांगायचं असं ठरलं होतं. सहाही जण गोल उभे राहिले. गॉच सर्वांत जड घंटेपाशी. आयव्ही दोन नंबरच्या दोरापाशी. ती हातमोजे काढून तळहात स्कर्टला पुसत होती, आणि मिस्टर स्टॅनियनकडे बघत नव्हती. तिला कळलेलं दिसत होतं. गॉचने सांगितलं असणार.

“अंग सैल ठेवा, आयव्ही,” मिस्टर स्टॅनियन तिला म्हणाले. “ही घंटा हलकी आहे. ओढू नका, नुसती सोबत करा.”

“हो, मिस्टर स्टॅनियन.”

“तयार?” गॉच म्हणाला. “रूबेनकाका, झोपलात की काय?”

“तुझ्या आवाजात मेलेलासुद्धा झोपायचा नाही,” म्हातारा म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे कळून त्याने जीभ चावली.

घंटा सुरू झाल्या. मनोरा थरथरला, माझ्या दातांपर्यंत ते थरथरणं आलं. खाली अंगणात लोकांनी टोप्या उडवल्या. कुणी रडत होतं, कुणी नाचत होतं, आणि वरून ते सगळं एकच दिसत होतं.

घंटा आधी ओळीने वाजतात, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. मग म्होरक्या हाक देतो की कुणी कुणाच्या मागे वाजवायचं, आणि क्रम बदलत जातो. हाक येईपर्यंत आहे तोच क्रम फिरत राहतो. दुसरीकडे हाका आकड्यांनी देतात. गॉच आकडे कधी वापरत नसे, माणसांची नावं घेई. तो म्हणायचा, आकड्यांना कान नसतात. वाजवता वाजवता विचार करायला सवड नसते, हाक तोंडातून आपोआप निघते. आणि गॉचच्या तोंडाला वर्षानुवर्षांचं एकच वळण पडलं होतं.

दोनचार हाका नीट गेल्या, क्रम बदलून पुन्हा मूळ ओळीवर आला. मग तो ओरडला, “नोएल! सिरिलच्या मागे!”

कुणीही थांबलं नाही. थांबता येतच नाही. शेकडो शेर वजनाची घंटा डोक्यावर उलटी उभी राहून खाली येत असते, दोराचा ताल चुकला तर तो माणसाला छताला घेऊन जाईल. आयव्हीने हाक ऐकली आणि शिकवल्याप्रमाणे दोर किंचित धरून ठेवला. दोन नंबरची घंटा तीन नंबरच्या मागे जाऊन वाजली. बापाचा ठोका, मग त्याच्या पाठोपाठ मुलाचा.

गॉचचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडं, पण आवाज नाही. त्याचे हात चालत होते, नुसते हातच. आता पुढची हाक त्यानेच द्यायची, नाहीतर क्रम बदलत नाही. ती येईना. एक, तीन, दोन, चार, पाच, सहा. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मिस्टर स्टॅनियनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही हात दोराला, त्यामुळे पुसता येत नव्हतं. ते गालांवरून कॉलरमध्ये जात होतं. नजर समोरच्या दोरांवरच होती, दोराला ओढ देणारे हात जराही चुकत नव्हते. मी खिडकीपाशी उभी. रुमाल माझ्या मुठीत होता, आणि वर-खाली धावणाऱ्या सहा दोरांच्या मधून मला त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला हात रिकामा नव्हता. आम्ही सगळे जिथल्या तिथे उभे होतो आणि तेच तेच वाजत होतं, मुलगा बापाच्या मागे, मुलगा बापाच्या मागे. खाली लोकांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यांना घंटा वाजत होत्या एवढंच पुरेसं होतं.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मी मनात प्रार्थना म्हणायला गेले, तर तिचे शब्दही त्याच ओळीने यायला लागले. शेवटी खालून पाद्रीसाहेबांनी हात केला. मी “थांबा” म्हटलं. गॉचने ते ओठांनीच म्हटलं, आणि एकेक करत घंटा उभ्या राहिल्या.

आयव्ही दोर धरून तशीच रडायला लागली. गॉच पुढे आला.

“सिरिल, अरे, माझ्या तोंडून… मी मुद्दाम नाही रे…”

मिस्टर स्टॅनियननी बाहीने तोंड पुसलं. मग आपला दोर गुंडाळून खुंटीला अडकवला, आणि आयव्हीच्या हातातून तिचाही घेऊन अडकवला.

“तीन नंबर जरा जड चालतेय, जेसी,” ते म्हणाले. “तेल पोहोचलं नाही वाटतं.”

“सिरिल…”

“चला. उपासना सुरू होईल.”

आम्ही जिना उतरलो. दारातच मिस ॲलिबोन भेटल्या, पोस्टात तिकिटं विकणाऱ्या. थंडीने आणि आनंदाने त्यांचं नाक लाल झालं होतं. त्यांनी मिस्टर स्टॅनियनचा हात दोन्ही हातांत धरला.

“काय वाजवल्यात हो! मला तर भरूनच आलं. तुमच्या नोएलला आजच्या आज लिहा बरं का. म्हणावं, हे सगळं तुम्हा मुलांसाठी होतं!”

“हो,” मिस्टर स्टॅनियन म्हणाले. “लिहितो.”

“आणि म्हणावं, परत आलास की तुझ्या हातचं ऐकायचंय!”

“हो.”

त्या पुढे दुसऱ्या कुणाचा हात धरायला गेल्या. माणसं आमच्या दोन्ही अंगांनी आत शिरत होती, हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. मिस्टर स्टॅनियन जागेवरच उभे राहिले.

“मिसेस टेबट,” ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “मी लिहितो म्हणालो त्यांना. ते खोटं झालं का हो?”

मी आयुष्यभर चर्चच्या सावलीत वाढलेली बाई. खोटं म्हणजे काय हे मला पाठ आहे. त्यांना सांगायला माझ्याजवळ काहीतरी असायला हवं होतं.

आत ऑर्गनचे सूर सुरू झाले होते. मिस्टर स्टॅनियननी टोपी काढली, आणि मी आत जाईपर्यंत माझ्यासाठी दार धरून ठेवलं.